दोन माणसांची मोटार

माणसावर कुणीही जळतं. मी संत्र्याच्या टोपलीवर जळलेली बाई आहे.

भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, ती टोपली आपल्या मोटारीत बाजूच्या सीटवर ठेवली, कलंडू नये म्हणून सुतळीनं बांधली आणि ते पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याला नमुना दाखवायला निघाले. सौसरच्या आमच्या घरात मी दाराआड कणकेच्या हातांनी उभी होते. टोपलीला वारा लागणार होता. समोरचं झाड झपकन मागं जाताना दिसणार होतं, आणि तिला त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. मी आत येऊन कणीक अशी तिंबली की सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, त्या कणकेनं तुझं काय घोडं मारलं?"

ती मोटार दोनच माणसांची होती. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, ठेंगणी, डोक्यावर छप्पर नाही. पाऊस आलाच तर मागून ओढून घ्यायला एक मेणकापड होतं. आत बसलं की पाय लांब पसरावे लागत, आणि सीटच्या मागं जेवणाचा डबा राहील एवढीच जागा. सामान नेण्यासाठी नाही, बिऱ्हाड नेण्यासाठी नाही, नुसती पळण्यासाठी कुणीतरी हौसेनं बनवलेली वस्तू होती ती.

तिला मी लग्नाच्या आधीपासून ओळखत होते. माझं माहेर रामाकोन्याचं, कापसाच्या शेतीचं. बाबांना शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, भारी नाद. पटावर पळवायची एक बैलजोडी ते पोटच्या पोरांच्या वर सांभाळत. घरच्या रेंगीचा, म्हणजे माणसं बसवायच्या हलक्या बैलगाडीचा, कासरा मात्र ते माझ्या हातात देत, आणि मी ती अशी दामटायची की आई दारात उभी राहून कपाळाला हात लावायची. एका संध्याकाळी मँगनीजच्या खाणीचा इंग्रज साहेब या हिरव्या मोटारीतून आमच्या बाजूनं गेला. बैल बिचकले. बाबांनी कासरा ओढून धरला, धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. मी म्हटलं, "बाबा, मले हे पाहिजे." बाबा हसून म्हणाले, "मंग साहेबाशीच लगन करावं लागन."

लगन झालं ते सौसरच्या व्यापारी घरात. त्यानंतर काही काळानं देश स्वतंत्र झाला आणि खाणीचा साहेब आपलं चंबूगबाळं आवरून गेला. मोटार विलायतेला कशी नेणार? ती भासऱ्यांनी घेतली. एका दुपारी मी धान्य निवडत बसले होते आणि ती हिरवी मोटार आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. माझ्या हातातलं सूप तिरपं झालं, गहू सांडले. मला वाटलं, देवानं माझं ऐकलं. देवानं ऐकलं होतं, पण पत्ता एका खोलीनं चुकला होता.

आता पंचाईत अशी झाली की तिच्यात बसायचं कुणी. घरात माणसं वीस, आणि जागा भासऱ्यांशिवाय एक. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, एकदा बसले. बाजारातून जाताना त्यांचा पटका उडाला, तो एका पानवाल्यानं धावत आणून दिला. पण त्याहून त्यांना हे लागलं की ओट्यांवर बसलेले लोक त्यांच्याकडे वरून पाहत होते. "धनी माणूस जमिनीले टेकून बसते काय?" म्हणाले, आणि पुन्हा म्हणून बसले नाहीत. सासूबाईंचे गुडघे वळत नव्हते. मोठ्या भावानं चाक धरायचं आणि धाकट्यानं बाजूला शेटजीसारखं बसायचं हे माझ्या नवऱ्याला ओशाळं वाटे. राहिली जाऊबाई, भासऱ्यांची बायको. तिचा हक्कच होता. पण भर बाजारातून, उघड्या गाडीत, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बाईनं जायचं म्हणजे गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय. शेवटी सासूबाईंनी तोड काढली: देवाच्या कामाला चालेल. म्हणून दर शनिवारी भासरे आणि जाऊबाई मोटारीनं जामसांवलीच्या हनुमंताला जायला लागले. देवाचं नाव पुढं केलं की गावाचं तोंड बंद होतं.

आणि मी? मी धाकट्या भावाची बायको. भासऱ्यांसमोर पदर नाकाच्या खाली, त्यांच्याशी बोलणं नाही, ते बसतात त्या खाटेवर बसणं नाही, त्यांच्या सावलीतून चालणंही टाळायचं. त्यांच्या मोटारीत बाजूला बसणं ही गोष्ट मनात आणायचीसुद्धा सोय नव्हती. मी ती रोज आणत होते.

शनिवारी मोटार पुढं आणि आमची रेंगी मागं. रेंगीत सासूबाई आणि मी, कासरा माझ्या नवऱ्याच्या हातात. जाऊबाईंच्या मोटारीनं उडवलेली धूळ आम्ही थेट देवळापर्यंत खात जायचो. प्रसादाचा नारळ फोडायच्या आधी मला तोंड धुवावं लागे. जाऊबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून, त्याचं टोक दातात धरून, डोळे मिटून बसलेली असायची. डोळे मिटून! मी देवळाच्या पायरीशी तिला गाठायची आणि विचारायची, "बाई, कसं वाटते वो?"

"काही नाही वो," ती म्हणायची, "वारा लागते."

मी सोडत नसे. पुढच्या शनिवारी दुसरीकडून विचारायची. पोटात कसं होते? झाडं कशी दिसते? जाऊबाई नारळाच्या शेंड्या काढत तेच म्हणायची. वारा लागते, डोकं दुखते. ती काही लपवत नव्हती, तिच्याजवळ सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. त्यानं तर माझा जास्तच जळफळाट व्हायचा. हिनं निदान खोटं तरी सांगावं, निदान थोडं मिरवावं, म्हणजे माझ्या जळण्याला काही अर्थ राहील. पण ती बिचारी देवळात हात जोडून परतीचा प्रवास बरा होवो एवढंच मागत असावी.

भासऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांना मोटार हवी होती ती दारात उभी करायला. चालवताना ते असे आखडून बसत की पाठ सीटला टेकत नसे. गाडीचा आवाज वाढला की पाय काढून घेत, कोंबडी आडवी आली की थांबून तिला पूर्ण जाऊ देत. पटाच्या बैलाला तेलाच्या घाण्याला जुंपलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. अंगणात गाडी सुरू करताना भासरे मोठ्यानं स्वतःलाच सांगत, आधी डावा पाय, मग हात, मग उजवा हळू. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. पोळी लाटताना माझा डावा पाय आपोआप दाबला जायचा.

दसऱ्याला शस्त्रांबरोबर मोटारीचीही पूजा व्हायची, आणि ती धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं काम धाकटी म्हणून माझं. वर्षातून तेवढी एकदा ती माझी असे. चाक पुसायच्या निमित्तानं मी त्यावर हात ठेवायची. ते लाकडी होतं, साहेबाच्या हातानं गुळगुळीत झालेलं. एकदा पुसण्यात इतका वेळ गेला की सासूबाई म्हणाल्या, "अवो, झालं ना ते. आता का त्याचं सालटं काढतं?"

अशी वर्षं गेली. मला मुलं झाली, जाऊबाईंना झाली, आणि माझा मत्सर काही म्हातारा होईना. त्याच सुमारास प्रांतांची वाटणी झाली. आमची राजधानी आजवर नागपूर होती, ती भोपाळला गेली. नागपूर तिकडं, आम्ही इकडं. बोली तीच, संत्री तीच, मधून एक रेघ गेली. सासूबाईंची बहीण नागपूरला होती, त्यांना पटेचना. "कालपरवापर्यंत माझी बहीण होती, आता परमुलखाची झाली काय?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. भासऱ्यांची काळजी वेगळी होती. विलायती मोटारीचे भाग आधीच मिळेनासे झाले होते, नागपूरचा जो मिस्त्री जुन्यावर जुनं बसवून द्यायचा त्यानंही हात वर केले होते.

आणि एका शनिवारी जामसांवलीहून परतताना मोटार रस्त्यात उभी राहिली. आम्ही रेंगीतून मागून पोचलो तेव्हा भासरे झाकण उघडून आत बघत होते, आणि जाऊबाई कडुलिंबाखाली पदर घेऊन बसली होती. पुष्कळ खटपट झाली. गाडी नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. शेवटी ठरलं की रेंगीच्या मागं सोल बांधायचा, म्हणजे बैलांच्या दावणीचा जाड दोर, आणि मोटार ओढून घरी न्यायची.

पण ओढलेल्या मोटारीचं चाक कुणीतरी धरायला हवं, नाहीतर ती खड्ड्यात जाईल. भासऱ्यांनी मान फिरवली. बैलांनी ओढलेल्या गाडीत बसून ते सौसरच्या बाजारातून जाणार नव्हते, जीव गेला तरी. "मी पायवाटेनं जातो," म्हणाले, आणि कपाशीकडं तोंड करून उभे राहिले. बैल माझ्या नवऱ्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हते. सासूबाईंचे गुडघे. जाऊबाई म्हणाली, "माह्याच्यानं नाही होत, मले तर बसल्या बसल्या चक्कर येते."

राहिले मी. सगळे माझ्याकडं बघत होते आणि सगळ्यांना एकच अडचण दिसत होती: भासऱ्यांची सीट. त्यावर धाकटी सून बसणार कशी? सासूबाईंनी क्षणभर विचार केला. देवळात बदलायला आणलेल्या लुगड्याची घडी त्यांनी रेंगीतून काढली, स्वतः उतरून आल्या आणि ती भासऱ्यांच्या सीटवर पसरली. "अंथरलं का जागा नवी होते," म्हणाल्या. "बस." भासरे तोवर कपाशीतून निघाले होते, त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी बसले. पाय लांब केले.

रेंगी हलली, दोर ताणला, आणि मोटार बैलाच्या चालीनं निघाली. गाईगुरं आमच्यापेक्षा पुढं जात होती. एक म्हातारा सायकल हातात धरून चालत होता, तोही पुढं गेला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. चाक माझ्या हातात होतं, मी डावीकडं वळवलं की गाडी डावीकडं येत होती, आणि रेंगीच्या मागच्या उघड्या बाजूनं जाऊबाई माझ्याकडं तोंड करून बसली होती. इतकी वर्षं मी तिच्या पाठीकडं बघितलं होतं. आज ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे उघडे होते.

सौसर यायच्या आधी एक उतार होता. खाली नाला, त्यावर दगडी पूल, पलीकडं चढ. माझ्या नवऱ्यानं रेंगी थांबवली. उतारावर मोटार मागून रेंगीवर आदळेल म्हणून त्यांनी दोर सोडला. "मी रेंगी खाली नेऊन बाजूले उभी करतो," ते म्हणाले, "मंग तू ब्रेक दाबून दाबून हळू ये. उजवा पाय. समजलं?"

मला अंगणातून समजलेलं होतं. रेंगी खाली गेली, पुलाच्या अलीकडं कडेला लागली. त्यांनी हात केला. मी हातातला ब्रेक सोडला आणि पायातल्या ब्रेकवर पाय ठेवला. ठेवला होता, दाबला नव्हता.

आवाज नव्हता. इंजिन मेलेलं, त्यामुळं फक्त चाकांखालची खडी आणि वारा. पदर गेला, मग अंबाडा सुटला. पळसाची झाडं जवळ आली आणि गेली. पोटात काहीतरी हललं, रामाकोन्यात बाबांचे बैल सुटले की हलायचं ते, मी ते मेलं असं समजून चालले होते. सासूबाईंनी मारुतीचं नाव घेतलेलं ऐकू आलं, ते कुठून तरी बाजूनं आलं आणि मागं राहिलं. रेंगीच्या उघड्या तोंडात जाऊबाईंचा चेहरा मला दिसला, अगदी स्पष्ट, आणि तोही मागं गेला. पूल संपला, चढ लागला, मोटार आपलीआपण सावकाश झाली. मग मी ब्रेक दाबला. एवढंच ते होतं. देवापुढं उदबत्ती लावायला लागतो तेवढाही वेळ नसेल.

माझे हे धावत आले, धाप लागलेले. "ब्रेक लागला नाही काय?"

"लागला ना," मी म्हटलं, "म्हणून तर थांबली."

पुढं बाजारातून गेलो तेव्हा सौसरनं हसून घेतलं. विलायती मोटार, पुढं दोन बैल, चाकावर पदर घेतलेली बाई. मामाजींना ते आमच्या आधी घरी कळलं होतं. रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं की ही गाडी आता घरात नको. पाय धुताना जाऊबाई माझ्या शेजारी उभी होती. "उतारावर तू हसून राहिली होती," ती म्हणाली.

"नाही वो बाई, भेव लागलं होतं."

तिनं तांब्या ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंपाशी ती म्हणत होती, "आता घेतली तर सगळ्याईले बसता येईन अशी घ्या म्हणा. मले एकटीले बसाची लाज वाटते." इतकी वर्षं डोकं दुखलं होतं, लाज कधी वाटली नव्हती. मी चुलीपाशी होते. आता जळायची पाळी तिची होती हे मला समजलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

हिरवी मोटार पांढुर्ण्याच्या एका ठेकेदारानं नेली. त्यानं तिचा मागचा भाग कापून फळ्या ठोकल्या आणि तो त्यावरून संत्र्याच्या टोपल्या स्टेशनवर नेतो असं ऐकलं. शेवटी टोपल्याच जिंकल्या.

नव्या गाडीसाठी नागपूरहून एक एजंट आला. बैठकीत बसून त्यानं आपल्याच देशात तयार होणाऱ्या मोटारीची चित्रं मांडली. उंच, पोटानं मोठी, एका वेळी अर्धं घर मावेल अशी. मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते. मला राहवलं नाही. सासूबाईंच्या कानात सांगितलं आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आमची सूनबाई विचारून राहिली, का दोनच माणसाची, हलकी, पळणारी गाडी स्वस्तात कोणी काहून नाही बनवत?"

एजंट हसला, पण वाईट हसला नाही. "बाई," तो दाराकडं बघून म्हणाला, "दोन सीटा कमी केल्या म्हणून किंमत अर्धी नाही होत. इंजिन तेच, चाकं चारच, कारखान्यातले माणसं तेवढेच. आन् घेईन कोण? ज्याले शौक हाय त्याच्या खिशात पैसे नाही. ज्याच्या खिशात पैसे हाय त्याच्या मागं मायबाप, लेकरं, पाहुणे. दात हाय त चणे नाही, चणे हाय त दात नाही. गाडी पाहून जीव एकट्याचा जाते, पण विकत घेते ते घर. कंपनी घरासाठी बनवते, बाई, जिवासाठी नाही."

मामाजी म्हणाले, "बरोबर हाय." भासऱ्यांनी मान डोलवली. मी कप आत ठेवले. त्या माणसाचं एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि त्यामुळंच मला तो आवडला नाही.

नवी गाडी आली. पुढं भासरे, त्यांच्या शेजारी पटका न उडता मामाजी. मागं सासू सोबत असली की धाकट्या सुनेनं भासऱ्यांच्या गाडीत बसलेलं चालत होतं. हा नियम कुणी केला कोण जाणे. सासूबाईंना खिडकी लागे, त्यांच्या बाजूला जाऊबाई, तिला खेटून मी, आणि सगळ्यांच्या मांड्यांवर मुलं आणि डबे. माझे हे मागून रेंगीनं यायचे, त्यांना बैलच बरे वाटत. धूळ आता एकटे तेच खात. घरात सगळे खूश होते. मलाही जागा मिळाली होती, तक्रारीला तोंड नव्हतं.

पहिल्याच शनिवारी आम्ही जामसांवलीहून परतत होतो. तो उतार आला. भासऱ्यांनी वरच गाडी हळू केली आणि पाय आखडून, एक एक हात रस्ता मोजावा तशी ती खाली न्यायला लागले. एक मूल रडत होतं. मामाजी संत्र्याच्या भावाचं काही बोलत होते. जाऊबाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता.

"इथंच ना वो?" ती पदराआडून हळूच म्हणाली.

"हो."

पूल आला. रेंगी जिथं कडेला उभी होती ती जागा गेली. तिनं पुन्हा तोंड माझ्याकडं केलं, सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतकं जवळ.

"कसं वाटलं होतं?"

त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिला माझ्याजवळचं काही हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते, सगळे, पळसाच्या झाडांपासून. मी समोर बघितलं, मामाजींच्या पटक्यावरून रस्त्याकडं.

"काही नाही वो बाई," मी म्हटलं, "वारा लागला."